वाचकांचे प्रश्न : स्कर्मिऑनच्या स्फटिकात अणू बदलले की काय बदलते?

स्कर्मिऑन म्हणजे चुंबकातल्या स्पिनांचा, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकसुयांचा, सूक्ष्म भोवरा. कडेचे स्पिन बाहेरच्या क्षेत्राच्या दिशेने, मधला बरोबर उलटा आणि दरम्यानचे क्रमाने वळत गेलेले. २००९ मध्ये मँगनीज सिलिसाइडच्या स्फटिकात न्यूट्रॉनच्या साह्याने अशा भोवऱ्यांची नियमित जाळी प्रथम ओळखली गेली. त्या जाळीवर मूलद्रव्यांच्या प्रतिस्थापनाचा, म्हणजे डोपिंगचा, काय परिणाम होतो याविषयी नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांना इथे उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी थोडी कापली आहेत.

मँगनीज सिलिसाइडमधले थोडे मँगनीज काढून लोखंड घातले की चुंबकत्व कमी होते, असे वाचले. लोखंड तर जास्त चुंबकीय. मग उलटे का होते?
— बी.एस्सी. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, नागपूर

लोखंडाचा तुकडा चुंबकीय असतो, पण लोखंडाचा अणू परक्या स्फटिकात गेला की तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या व्यवस्थेप्रमाणे वागतो. आयर्न सिलिसाइडची रचना मँगनीज सिलिसाइडसारखीच आहे, तरी त्यात चुंबकीय क्रम अजिबात नाही. कोबाल्ट सिलिसाइडमध्येही नाही. मात्र या दोघांचे मिश्रण केले की साधारण ५ ते ८० टक्के कोबाल्टच्या दरम्यान मळसूत्री चुंबकत्व, म्हणजे ओळीने वळत जाणाऱ्या स्पिनांची मांडणी, उगवते; स्कर्मिऑन तिच्यातूनच घडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्कर्मिऑनचे पहिले थेट चित्र २०१० मध्ये मिळाले, ते याच कुटुंबातल्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात. तिथे मळसूत्राचा एक फेरा सुमारे ९० नॅनोमीटरचा आहे. दोन अचुंबकीय शेजाऱ्यांमधून चुंबक तयार होतो, तेव्हा ‘कोणता अणू जास्त चुंबकीय’ हा हिशेब इथे चालत नाही हे उघड आहे.

चालतात दोन बळे. एक्सचेंज शेजारच्या स्पिनांना समांतर ठेवू पाहते, आणि क्रम कोणत्या तापमानाला येणार हे मुख्यतः तेच ठरवते. दुसरी ज्यालोशिन्स्की-मोरिया अन्योन्यक्रिया, थोडक्यात डीएमआय. ज्या स्फटिकाला व्यस्तता-केंद्र नाही (म्हणजे एका बिंदूतून आरपार उलटवल्यावर जो तसाच दिसत नाही) तिथेच ती उरते, आणि ती शेजारच्या स्पिनांना एकमेकांशी किंचित तिरके करते. मळसूत्राच्या फेऱ्याची लांबी एक्सचेंज भागिले डीएमआय या गुणोत्तराने ठरते. मळसूत्र पूर्ण सरळ करायला लागणारे क्षेत्र मात्र डीएमआयच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून एकाच डोपिंगने क्रमतापमान, भोवऱ्याचा आकार आणि क्षेत्र या तिन्ही गोष्टी हलतात, पण सारख्या प्रमाणात हलत नाहीत.

शुद्ध मँगनीज सिलिसाइडचे क्रमतापमान सुमारे २९ केल्व्हिन, फेरा सुमारे १८ नॅनोमीटर. मँगनीजच्या जागी लोखंड आले की प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन जास्त येतो, कोबाल्ट आले तर दोन. लोखंड १५-२० टक्क्यांच्या आसपास पोचले की क्रम नाहीसा होतो. कोबाल्ट त्याच्या साधारण निम्म्यानेच ते काम करते. म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या इथे मोठी भूमिका बजावते. पण एवढ्यावर थांबू नका. लोखंडाने अणूंची जाळीही आक्रसते, आणि शुद्ध मँगनीज सिलिसाइड नुसते दाबले तरी १४.६ किलोबारला त्याचा क्रम संपतो. उलट सिलिकॉनच्या जागी थोडे गॅलियम किंवा ॲल्युमिनियम घातले की जाळी फुगते आणि तापमान वर चढते. तिथेही इलेक्ट्रॉनांची संख्या बदलतेच, त्यामुळे दाब आणि इलेक्ट्रॉन यांचे परिणाम वेगळे काढायचे तर डोपिंगच्या मोजमापाशेजारी दाबाखालचे मोजमाप ठेवावेच लागते.

सर्वात बोलके उदाहरण जर्मेनाइडांचे. मँगनीज जर्मेनाइडमध्ये फेरा फक्त ३ नॅनोमीटरचा, आयर्न जर्मेनाइडमध्ये ७० नॅनोमीटरचा. दोन्ही मिसळत गेलो तर फेरा ३ वरून सरळ ७० वर जात नाही. लोखंड ८० टक्क्यांच्या सुमारास तो प्रचंड लांबतो आणि पुढे पुन्हा आखूड होतो. तिथे डीएमआयचे चिन्हच बदलते. स्फटिकाची घडण उजवी असली तरी भोवऱ्याची फिरण्याची दिशा पालटते. ऐन त्या बिंदूपाशी पदार्थ जवळजवळ साधा लोहचुंबक असतो, तिथे स्कर्मिऑन शोधत बसू नये.

कॉपर ऑक्सोसेलेनाइटमध्ये ५ टक्के झिंक घालून पावडर केली. एसी ससेप्टिबिलिटीत (बारीक आलटत्या क्षेत्राला नमुन्याचा प्रतिसाद) स्कर्मिऑनची खूण एका जागी न दिसता तापमानाच्या अक्षावर दोन ठिकाणी दिसते. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) स्वच्छ, परकी रेषा नाही. झिंकमुळे स्कर्मिऑनची प्रावस्था (स्थिती) दुभंगली असे लिहायला हरकत आहे का?
— पीएच.डी.चा विद्यार्थी, नागपूर

सध्या लिहू नका. हीच निरीक्षणे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि प्रावस्था झिंकने दुभंगते असाच अर्थ तेव्हा लावला गेला. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने तेच मिश्रण काळजीपूर्वक तपासले. दुभंग फक्त पावडरमध्ये दिसला, एकसंध स्फटिकांत नाही. पावडरमध्ये झिंकचे प्रमाण वेगवेगळे असलेले दोन-तीन भाग शेजारी शेजारी होते, आणि प्रत्येक भाग आपापल्या क्रमतापमानाखाली आपली खूण दाखवत होता. बेरीज केली की एका प्रावस्थेचे दोन तुकडे झाल्यासारखे वाटते.

एक्सआरडीने तुम्हाला हे का सांगितले नाही, ते नीट समजून घ्या. कॉपरमध्ये २९ इलेक्ट्रॉन, झिंकमध्ये ३०, त्यामुळे क्ष-किरणांना दोघांत जवळपास फरक दिसत नाही. आयनांचा आकारही जवळजवळ तोच, सहा शेजारी असताना कॉपर ०.७३ आणि झिंक ०.७४ अँगस्ट्रॉम. म्हणून जाळीचे माप जेमतेम सरकते. २ टक्के झिंकचा भाग आणि ८ टक्के झिंकचा भाग प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या यंत्रात एकाच रेषेखाली दडून बसतात. परकी रेषा नसणे म्हणजे परका संयुग नसणे, एवढेच त्यातून सिद्ध होते. सिंक्रोट्रॉनच्या बारीक रेषांमध्ये मोठ्या कोनांवर रुंदी किंवा दुफाटा दिसू शकतो. न्यूट्रॉनांना विखुरण्याच्या लांबीत कॉपर ७.७ आणि झिंक ५.७ फेम्टोमीटर असे वेगळे दिसतात, म्हणून झिंक कोणत्या जागेवर बसले हे विचारायला न्यूट्रॉनच बरे. ईडीएसवरही (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले क्ष-किरण-ऊर्जा विश्लेषण) विसंबू नका. झिंकची मुख्य रेषा ८.६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि कॉपरची दुसरी रेषा ८.९० वर, तिचा पाय झिंकच्या रेषेत मिसळतो. आयसीपी (नमुना विरघळवून केलेले मूलद्रव्य-विश्लेषण) सरासरी अचूक देते, पण तुमचा प्रश्न सरासरीचा नाही, वाटपाचा आहे.

हातातल्या साधनांनी आधी पुढचे करून पाहा. अगदी कमी क्षेत्रात, १ ते २ मिलिटेस्लात, तापमान ०.१ केल्व्हिनच्या पायरीने ६२ वरून खाली आणा आणि चुंबकनाचे तापमानासापेक्ष अवकलज (बदलाचा दर) काढा. शुद्ध पदार्थाचा क्रम ५८ केल्व्हिनच्या जरा वर येतो. अवकलजात दोन दऱ्या दिसल्या, आणि स्कर्मिऑनच्या दोन खुणा त्या दोन दऱ्यांच्या लगेच खाली असल्या, तर नमुन्यात झिंकचे प्रमाण वेगळे असलेले दोन भाग आहेत. एकच दरी असून खुणा दोन असतील, तरच पुढच्या विचाराला जागा आहे.

संपृक्त चुंबकन दुसरी माहिती देते. या पदार्थात चार कॉपरांपैकी तीन एका दिशेने आणि एक उलट्या दिशेने असतो, म्हणून दर कॉपरमागे सरासरी अर्धा बोहर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचे एकक) मिळतो. एकक पेटीतल्या (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकातल्या) १६ कॉपरांचा हिशेब १२ वजा ४, म्हणजे ८. त्यांतले ५ टक्के, म्हणजे ०.८ अणू झिंक झाले, आणि ते सगळे बहुसंख्य जागांवर बसले तर बेरीज ७.२ होते, अल्पसंख्य जागांवर बसले तर ८.८, आणि कसेही विखुरले तर ७.६. हा फरक १० टक्क्यांपर्यंत जातो, कोणत्याही बऱ्या मॅग्नेटोमीटरवर तो दिसायला हवा. फक्त नमुन्याचे वजन मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत घ्या.

आता तयारी. २ ग्रॅम पावडरसाठी कॉपर ऑक्साइड १.११८५, झिंक ऑक्साइड ०.०६०२ आणि सेलेनियम डायऑक्साइड ०.८२१३ ग्रॅम. यातले ०.०६ ग्रॅम झिंक ऑक्साइड खलबत्त्यात समान पसरेल ही अपेक्षाच चूक आहे. घन अवस्थेत कॉपर आणि झिंकचे आयन ६०० अंशांवर फार हळू सरकतात. त्याऐवजी दोन्हींची नायट्रेट पाण्यात विरघळवून एकत्र अवक्षेप काढा, धुऊन भाजून ऑक्साइड करा आणि मग सेलेनियम डायऑक्साइड मिसळा. तयार पावडर पुन्हा वाटून, गोळी दाबून, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा भाजा, आणि प्रत्येक वेळी वर सांगितलेले अवकलज पाहा. दऱ्या जवळ येऊन एक झाल्या की वाटप सुधारले.

सेलेनियम डायऑक्साइड विषारी आहे आणि हवेतली ओल पटकन ओढतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या तराजूवर त्याचे वजन डोळ्यांदेखत चढते. ग्लोव्ह बॉक्स नसेल तर हे काम हिवाळ्यात किंवा कोरड्या उन्हाळ्यात करा, आणि तेही धूर खेचणाऱ्या हूडमध्येच. क्वार्ट्झची नळी बंद करण्याआधी दाबाचा हिशेब करा. ०.८२ ग्रॅम म्हणजे ७.४ मिलिमोल. प्रक्रिया होण्याआधीच सगळे वाफ झाले, तर २० मिलिलिटरच्या नळीत ६०० अंशांवर दाब २७ बारपर्यंत जातो आणि नळी फुटते. म्हणून तापमान मिनिटाला एक अंशापेक्षा वेगाने चढवू नका आणि ३०० अंशांच्या आसपास पुरेसा थांबा द्या, म्हणजे बराच सेलेनियम डायऑक्साइड ऑक्साइडात शोषला जाईल. भट्टीपुढे आडपडदा हवाच.

पेपरात एक फरकही नोंदवा. याच पदार्थात, डोपिंग नसताना, क्षेत्र घनाच्या कडेला समांतर ठेवले तर अगदी कमी तापमानाला स्कर्मिऑनची दुसरी, स्वतंत्र प्रावस्था मिळते. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचे कारण स्फटिकाची विषमदिशता, म्हणजे दिशेप्रमाणे बदलणारे गुण, आहे. तेव्हा एका पदार्थात दोन कप्पे, म्हणजे तापमान-क्षेत्राच्या नकाशावर स्कर्मिऑनच्या दोन जागा, असणे अशक्य नाही. पण तो कप्पा क्रमतापमानापासून फार खाली आहे, ५८ च्या शेजारी नाही.

आर्क भट्टीत ५ टक्के लोखंड घातलेले मँगनीज सिलिसाइड ५ ग्रॅम करायचे आहे. वजने आणि धोके सांगाल का?
— एम.एस्सी. प्रकल्प करणारा गट, नागपूर

मँगनीज ३.१४१४, लोखंड ०.१६८१, सिलिकॉन १.६९०५ ग्रॅम. हे कागदावरचे. प्रत्यक्षात मँगनीजची वाफ लोखंड आणि सिलिकॉनपेक्षा कितीतरी सहज होते, म्हणून ते १ ते ३ टक्के जास्त घ्या. नेमके किती, ते तुमच्या भट्टीवर अवलंबून आहे. डोपिंग न केलेला एक गोळा आधी वितळवा, वजनातली घट पाहा, ती घट मँगनीजची धरा. चाप थेट मँगनीजवर मारू नका. लोखंड आणि सिलिकॉन वर ठेवून ते आधी वितळू द्या, मँगनीज त्यात आपोआप विरघळते. आर्गॉनमध्ये टायटॅनियमचा गोळा आधी वितळवून उरलासुरला ऑक्सिजन खेचून घ्या. मग गोळा उलटवून चार-पाच वेळा वितळवा, नंतर निर्वात क्वार्ट्झमध्ये ९०० अंशांवर आठवडाभर ठेवा.

मँगनीज जास्त झाले तर दुसरा सिलिसाइड उतरतो, ज्यात पाच मँगनीजला तीन सिलिकॉन असतात. त्याचा प्रतिलोहचुंबकीय (शेजारचे स्पिन उलटसुलट असलेला) क्रम ९९ केल्व्हिनला येतो, तिथे खाच दिसली तर ओळखा.

लोखंड खरोखर किती उतरले हे ईडीएसने ठरवू नका, इथे तर मुळीच नाही. लोखंडाची मुख्य रेषा ६.४० वर आणि मँगनीजची दुसरी रेषा ६.४९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. यंत्राला त्या वेगळ्या करता येत नाहीत, आणि सॉफ्टवेअर जो आकडा छापते तो मँगनीजच्या रेषेचा उरलेला भाग असू शकतो. आयसीपी करा, किंवा तरंगलांबीनुसार वेगळे करणारा डब्ल्यूडीएस. एक्सआरडीत जाळीचे माप ४.५५८ वरून आयर्न सिलिसाइडच्या ४.४८९ अँगस्ट्रॉमकडे सरकते. १० टक्के लोखंडाला ४४.४ अंशांवरची रेषा फक्त ०.०७ अंश हलते, पण ११० अंशांच्या आसपासची पाव अंश. म्हणून मोठ्या कोनांपर्यंत मोजा आणि पावडरीत शुद्ध सिलिकॉन मिसळून संदर्भ घ्या. कॉपरच्या नळीने मँगनीज आणि लोखंड दोन्ही चमकतात आणि पार्श्वभूमी फुगते. ऊर्जा निवडणारा डिटेक्टर असेल तर तो वापरा.

मनसर-कांद्रीचे मँगनीज जगभर गेले. या प्रयोगांसाठी आपलेच मँगनीज वापरता येईल का?
— खाणकामातून निवृत्त वाचक, रामटेक

खनिज थेट नाही. मॉयल या मँगनीज खाणकंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे आणि आपल्या खाणींचे खनिज पोलाद धंद्यासाठी उत्तम आहे, पण त्यात लोखंड, सिलिका आणि फॉस्फरस असतात. पोलादात लोखंड चालते, इथे तेच डोपिंग ठरते. १५-२० टक्के लोखंड २९ केल्व्हिनचा क्रम संपवते, म्हणजे सरासरी काढली तरी दर टक्क्याला दीड-दोन केल्व्हिनची घट. शुद्धता ९९ टक्के असलेल्या धातूत उरलेला १ टक्का लोखंडच असेल, तर ‘शुद्ध’ नमुना आधीच डोप झालेला असतो. म्हणून विद्युत-अपघटनाने काढलेले, किमान ९९.९५ टक्के शुद्धतेचे पापुद्रे घेतात, आणि विश्लेषणपत्रात लोखंडाचा आकडा वेगळा पाहतात. पापुद्र्यांवरचा काळा-तपकिरी थर सौम्य नायट्रिक आम्लात काही क्षण बुडवून काढायचा, अल्कोहोलने धुवायचे, निर्वातात वाळवायचे. थर तसाच राहिला तर त्यातला ऑक्सिजन सिलिकॉनला पकडतो आणि प्रमाण बिघडते. खनिजापासून असा धातू आपल्याकडेच तयार व्हावा, ही तुमची इच्छा आम्हालाही मनापासून पटते.

कोबाल्ट-झिंक-मँगनीज मिश्रधातूला ‘खोलीच्या तापमानाचा’ स्कर्मिऑन पदार्थ म्हणतात. नागपुरात मे महिन्यात हे खरे धरायचे का?
— अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापिका, नागपूर

प्रश्न अगदी योग्य आहे. ८ भाग कोबाल्ट, ८ झिंक, ४ मँगनीज या मिश्रणाचे क्रमतापमान सुमारे ३०० केल्व्हिन, म्हणजे २७ अंश सेल्सिअस. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी, वातानुकूलन नसलेल्या खोलीत तापमान ३१८ केल्व्हिन असेल, तर तो नमुना नुसता अनुचुंबकीय, म्हणजे चुंबकीय क्रम नसलेला, असतो. आयर्न जर्मेनाइडचे २७८ केल्व्हिन म्हणजे ५ अंश, ते आपल्याकडे डिसेंबरातही खोलीत मिळत नाही.

इथे डोपिंग खरोखर कामाचे हत्यार आहे. मँगनीज नसलेल्या कोबाल्ट-झिंकचा क्रम ४५० केल्व्हिनच्या वर येतो आणि मँगनीज वाढेल तसा खाली उतरतो. ८-९-३ या मिश्रणात तो ३२० केल्व्हिनच्या आसपास येतो, ७-७-६ मध्ये १६० केल्व्हिन. नागपूरच्या उन्हाळ्यात प्रात्यक्षिक दाखवायचे असेल तर मँगनीज ३ भागांच्या जरा खाली ठेवावे. पण मँगनीज फक्त तापमान उतरवत नाही. मँगनीजचे अणू स्फटिकातल्या दोन प्रकारच्या जागांपैकी बहुतेक एकाच प्रकारच्या जागांवर जातात. त्या जागांची मांडणी त्रिकोणी आहे आणि तिथल्या स्पिनांना सगळ्यांशी जुळवून घेणे जमत नाही. त्यामुळे ७-७-६ मध्ये ३० केल्व्हिनच्या सुमारास स्पिन काचेसारखे गोठतात आणि त्याच्या जरा वर विस्कळीत स्कर्मिऑनची आणखी एक प्रावस्था सापडते.

झिंक ९०७ अंशांना उकळते, म्हणून हा मिश्रधातू उघड्या आर्कमध्ये करू नये. निर्वात क्वार्ट्झमध्ये १००० अंशांच्या जरा वर वितळवून सावकाश थंड करतात. नळीच्या वरच्या थंड टोकाला चकचकीत थर दिसला तर ते तुमच्या मिश्रणातून गेलेले झिंक आहे. त्या नमुन्याला ८-८-४ म्हणू नका, आधी विश्लेषण करा.

गॅलियम व्हॅनेडियम सल्फाइड आणि सेलेनाइड, दोन्हींत स्कर्मिऑन आहेत. मग अर्धे सल्फर, अर्धे सेलेनियम घातले तर मधले काही मिळेल ना?
— संशोधक विद्यार्थिनी, वर्धा

मिळत नाही. सल्फाइडचा क्रम १३ आणि सेलेनाइडचा १८ केल्व्हिनला, पण आठ सल्फरपैकी दोन किंवा चार बदलले की क्रम न येता स्पिन काचेसारखे गोठतात. म्यूऑन या सूक्ष्म कणांनी केलेल्या मोजमापांतून हे २०१८ मध्ये पुढे आले. या पदार्थात चुंबकत्व चार व्हॅनेडियमांच्या समूहाचे आहे, आणि समूहांमधला संवाद सल्फर-सेलेनियममधूनच होतो. प्रत्येक समूहाभोवती वेगळे मिश्रण आले की प्रत्येक जोडीचे एक्सचेंज वेगळे पडते. शुद्ध पदार्थात ४४ केल्व्हिनच्या सुमारास सगळे समूह एका अक्षावर ताणले जातात आणि इथले स्कर्मिऑन त्याच अक्षाला धरून असतात, तेही एकमत राहत नाही. टोकाच्या जवळ, आठातला ०.१ भाग बदलला तर स्कर्मिऑनची जाळी टिकते. तेव्हा मध्यावर नमुने करण्याऐवजी दोन्ही टोकांपाशी बारीक पायऱ्या घ्या.

इंदूरला यूजीसी-डीएईच्या केंद्रात मोजमापाची वेळ मिळाली आहे. डोप केलेला आणि शुद्ध, असे दोनच नमुने नेणार आहे. काय चुकू शकते?
— पीएच.डी.ची विद्यार्थिनी, नागपूर

सर्वात आधी चुंबकातले उरलेले क्षेत्र. तुमच्या आधी कुणी ७ टेस्लापर्यंत गेले असेल तर शून्य दाखवणाऱ्या चुंबकात एक-दोन मिलिटेस्ला सहज उरतात. मँगनीज सिलिसाइडला २०० मिलिटेस्ला लागतात, तिथे हे चालेल. कॉपर ऑक्सोसेलेनाइटचा कप्पा १० ते ३० मिलिटेस्लांचा आहे, तिथे नकाशाच सरकतो. क्षेत्र आलटून-पालटून कमी करत शून्यावर आणा, आणि शुद्ध पॅलेडियमसारख्या ज्ञात नमुन्याने खरे शून्य तपासा.

दोन्ही नमुन्यांचा आकार शक्य तितका सारखा घासा. चपट्या तुकड्यात आणि लांबट तुकड्यात आतले क्षेत्र वेगळे पडते. तो फरक डोपिंगचा समजला गेला तर सगळी तुलना व्यर्थ जाते. गोल नमुन्याचा विचुंबकन गुणांक (आकारामुळे आतले क्षेत्र किती घटते ते सांगणारा) एक तृतीयांश, बाकी आकारांसाठी मापे वहीत लिहून ठेवा आणि आलेख आतल्या क्षेत्रात काढा.

इतिहास सारखा ठेवा. प्रत्येक तापमानाआधी क्रमतापमानाच्या किमान १० केल्व्हिन वर जा, शून्य क्षेत्रात खाली या, मग १ मिलिटेस्लाच्या पायरीने क्षेत्र वाढवा. कप्प्याजवळ तापमानाची पायरी पाव केल्व्हिन. एसी क्षेत्र ०.१ ते ०.३ मिलिटेस्ला, वारंवारता १० ते १०० हर्ट्झ. डोप केलेल्या नमुन्यात अव्यवस्था स्कर्मिऑनना अडकवून ठेवते, म्हणून क्षेत्रात थंड केलेला नमुना कप्प्याच्या खूप खालपर्यंत जाळी धरून राहतो. आयर्न-कोबाल्ट सिलिसाइडमध्ये हे ठळकपणे दिसते. शुद्ध नमुना शून्य क्षेत्रात आणि डोप केलेला क्षेत्रात थंड केला, तर डोपिंगने कप्पा रुंदावला असा खोटा निष्कर्ष निघतो. दोन्ही पद्धती दोन्ही नमुन्यांवर करा.

एसी मोजमापाचा काल्पनिक भागही (क्षेत्रामागे रेंगाळणारा प्रतिसाद) साठवा. कप्प्याच्या कडांवर जाळी सावकाश बनते-मोडते, तिथे तो वर येतो, आणि कडा कुठे आहेत हे वास्तव भागापेक्षा तो स्पष्ट सांगतो. वेळ उरला तर तिसरा नमुना न्या, त्याच भट्टीतल्या गोळ्याच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा. त्याचे क्रमतापमान पहिल्या तुकड्यापेक्षा अर्धा केल्व्हिनही वेगळे आले, तर आधी नमुना सुधारा.